राघूची भाकर

पौष लागला की नगरच्या बाजारात डहाळे येतात. हरभऱ्याची हिरवी झुडपं मुळासकट उपटलेली, मुळांना काळी माती तशीच चिकटलेली, जुड्या बांधून रस्त्याच्या कडेला पोत्यावर मांडलेली. घाटा सोलला की बोटांना आंब लागते. आधी बोट चाटायचं, मग दाणा तोंडात टाकायचा, आणि एकदा हात लागला की जुडी संपेपर्यंत उठायचं नाही, असा सगळ्यांचाच शिरस्ता. परवा आमची सून अश्विनी दोन जुड्या घेऊन आली आणि उत्साहानं माझ्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली.

माझ्या वरच्या जबड्यात सध्या एकही दात नाही. हलायला लागले होते, दुखत होते, डॉक्टरांनी एकेक करून सगळे काढले. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवणार आहेत, तोवर मऊ खा म्हणाले. मऊ खा म्हणायला काय जातं! वर दात नसले की हनुवटी नाकाला भेटायला निघते, जीभ नको तेव्हा बाहेर डोकावते, आमटी ओठाच्या कोपऱ्यातून आपली वाट काढते. आणि त्याचा एक आवाज होतो, तो मलाच ऐकवत नाही. सगळ्यांबरोबर टेबलाशी एकदा बसले. नातवंडं इतकी समजूतदार की त्यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं. ते टाळणं मला जास्त लागलं. तेव्हापासून माझी वाटी मी खोलीत मागवते आणि दाराला आतून कडी घालते.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही त्याला. मुलगा म्हणतो, "आई, सत्तरी गाठली तू, आता घरच्यांची कसली लाज?" त्याला काय जातंय म्हणायला, त्याचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.

अश्विनीनं ते डहाळे माझ्या मांडीवरून उचलले, गुपचूप सगळे सोलले आणि सोलाण्याची आमटी केली. दाणे वाटून, अगदी गुळगुळीत, लसणाची फोडणी देऊन. मी कडी घातली, पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले आणि पहिला चमचा तोंडात घेतला. भिंतीकडे तोंड कशाला केलं होतं कोण जाणे. खोलीत मी एकटीच होते. तशी बसले होते तेव्हाच मला राघू आठवला.

शनिशिंगणापूर माझं सासर. तिथं घरांना चौकटी असतात, दारं नसतात. कडी नाही, कुलूप नाही. गावाची राखण देव करतो, मग दार कशाला, अशी श्रद्धा. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवून ठेवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. हल्ली लोक लांबून येऊन त्या चौकटींचे फोटो काढतात. मी नवी नवरी म्हणून चौकट ओलांडून आत गेले तेव्हा मला कसलं कौतुक वाटलं नाही. साडी कुठे बदलायची? रडू आलं तर कुठे रडायचं? वडिलांनी माझ्या ट्रंकेचं कुलूप निघतानाच काढून आपल्या खिशात टाकलं होतं. "तिथं चालत नाही," एवढंच म्हणाले होते.

माझं माहेर बेलापूरचं. पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. इकडे सगळी जिरायत, आभाळाकडे बघून पेरायची. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. त्यापायीच आमचं लग्न पुढे ढकललं होतं, ते पाऊस झाल्यावर मार्गशीर्षात लागलं. हे, म्हणजे माझे यजमान, साखर कारखान्यात कामाला. गाळपाचा हंगाम असल्यामुळे लग्नाची हळद निघायच्या आत कामावर हजर झाले. घरात सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, म्हणजे सासूशी बोलताना म्हणायचे. प्रत्यक्ष त्यांच्याशी बोलायची रीत नव्हती. सासूबाई म्हणजे आत्याबाई.

खरं दुःख वेगळंच होतं. ते सांगायला आजही जीभ अडखळते, आणि या वेळी दात नसल्यामुळे नव्हे. मला भूक लागायची. माहेरी मी तीन भाकरी खाणारी पोरगी. आई म्हणायची, हिच्या पोटात विहीर आहे. सासरी ताटावर बसले की दीड भाकरीवर हात आखडायचा. कुणी काही बोलत नव्हतं, उलट आत्याबाई "घे की गं अजून" म्हणायच्या. पण समोर उघडी चौकट. पाण्याला जाणाऱ्या बाया मान वळवून बघायच्या, नवी काय जेवती, कशी जेवती, किती जेवती. शिवाय या घरानं दुष्काळात रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन दिवस काढले होते, हे मला ठाऊक होतं. कणगीत होती ती दुष्काळानंतरची पहिली बाजरी. तिच्यातली तिसरी भाकर मागायची कशी? मग विहिरीतलं पाणी पिऊन विहीर भरायची.

त्या पौषात रानात ज्वारी निसवून दाणा भरत होता. हुरडा अजून पुरता धरला नव्हता, तरी पाखरांना खबर लागली होती. मामंजी दिवस उगवायच्या आत रानातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसायचे, गोफण घेऊन. त्यांच्या गोफणीचा आवाज गावापर्यंत यायचा असं लोक म्हणत. नेम असा की थव्याच्या अगदी शेपटाजवळून दगड जायचा, थवा उठायचा, पण पाखराला कधी लागायचा नाही. राखणदाराची तीच तर शान, लागू द्यायचा नाही.

एका शुक्रवारी दिवेलागणीला ते परत आले. एरवी अंगणात आले की खाकरायचे, म्हणजे मी पदर ओढून आत सरकायची. त्या दिवशी खाकरले नाहीत. चौकटीच्या बाहेरच उभे राहिले.

"आगं, जरा हिकडं ये," त्यांनी आत्याबाईंना हाक दिली.

"आत या की. काय झालं?"

"गोफन लागली."

"कुनाला?" आत्याबाई परात टाकून धावल्या. मीही मागे गेले.

मामंजींनी छातीशी धरलेलं उपरणं सोडलं. आत राघू होता. वरची चोच निम्म्यातून गेलेली, लाल आकडा होता तिथं नुसता खरखरीत तुटका काठ, त्याभोवती रक्त वाळलेलं. खालची चोच तेवढी धड. तो आवाजसुद्धा करत नव्हता.

"भ्या दावायला मारली हुती," मामंजी म्हणाले. "थवा उठला, ह्यो मागं ऱ्हायला. तोंडात कनसाचा दाना हुता त्याच्या." मग म्हणाले, "दुष्काळात आपुन उपाशी हुतो, तसं त्येबी हुतं. औंदा पयल्यांदा पीक आलं, खायाला बसलं, आन् म्या त्याचं तोंडच फोडलं."

आत्याबाईंनी हळद लावली. मामंजी बघत नव्हते. त्यांनी राघू माझ्या ओंजळीत दिला, सासऱ्यानं सुनेच्या हातात थेट काही द्यायचं नाही ही रीत विसरून, आणि हातपाय न धुताच ओट्यावर जाऊन बसले.

दुसरा दिवस शनिवार. शिंगणापुरात शनिवारी कुणी दिवसा जेवत नाही. मामंजींनी आंघोळ करून ओलेत्यानं चौथऱ्यावरच्या देवाला तेल घातलं आणि त्यातलंच थोडं करवंटीत घेऊन आले. ते राघूच्या चोचीला लावलं. आम्ही त्याच्यापुढे ज्वारीचे कोवळे दाणे ठेवले. त्यानं शिवलंसुद्धा नाही.

"आज शनवार," मामंजी म्हणाले, अगदी गंभीरपणे. "उपास आसंल त्याचा."

यात त्यांना काही गंमत वाटत नव्हती. आत्याबाईंनाही नाही. त्या गावच्या हवेत वाढलेलं पाखरू, शनिवार धरत असेल, त्यात काय! खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. संध्याकाळी उपास सोडायच्या वेळी आम्ही त्याच्यापुढे आधी वाढलं, मग स्वतः बसलो. त्यानं दाणा उचलायला सवयीनं मान वाकवली. खालची चोच दाण्याला लागली, पण वर धरायला काहीच नव्हतं. दाणा घसरून पडला. त्यानं पुन्हा मान वाकवली. पुन्हा पडला. चौकटीत शेजारच्या गिरजाबाई आणि आणखी दोघीतिघी बघायला जमल्या होत्या. गिरजाबाई मनाच्या वाईट नव्हत्या, पण त्यांना फिसकन हसू आलं. राघू थांबला. हळूच वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

पाखराला लाज असते का, हे मला सांगता येणार नाही. शिकलेली माणसं नाहीच म्हणतील. मी तो वळताना पाहिला आहे.

रविवारीही राघूनं खाल्लं नाही तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता कसला उपास?" मामंजी फडक्यात बांधून दिलेली भाकरी तिथंच ठेवून रानात गेले.

त्यांनी त्याला पिंजरा मात्र सुबक करून दिला होता. निरगुडीच्या फोका सोलून, ओल्या असतानाच वाकवून, टोपलीसारखा विणलेला. पण त्याला दार नव्हतं. एका बाजूला नुसती मोकळी चौकट. बेलापूरची मी, मला राहवेना. आत्याबाईंना हळूच म्हटलं, "अहो, पिंजऱ्याला दार?"

त्यांनी ते मामंजींना विचारलं. ते बाहेरूनच म्हणाले, "आपल्यात दार न्हाई करीत. आन् कोंडायला न्हाई आनला त्याला. जायाचं तवा जाईल." मांजराची भीती होती म्हणून वीतभर लांबीची एक फळी तासून दिली, रात्री टेकवायला. घराची असते तशीच, फक्त लहान.

आम्ही काय काय केलं नाही! हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवून पाट्यावर लोण्यासारखी वाटली. गुळाच्या पाण्यात कापूस भिजवून चोचीशी पिळला, तेवढे थेंब तो गिळायचा, तेही डोळे मिटून. काडीच्या टोकाला वाटण लावून पुढे केलं की मान फिरवायचा. आम्ही पिंजरा फिरवला की तो आत फिरायचा आणि पुन्हा त्याला भिंत सापडायची. पिसं फुगवून गोळा होऊन बसायचा. घरात येताना मामंजी त्या कोपऱ्याकडे बघायचे नाहीत. बाहेरूनच विचारायचे, "खाल्लं का त्यानं?" आत्याबाई "न्हाई" म्हणायच्या, की ते तसेच परत अंगणात. तो मेला तर हा माणूस पुन्हा कधी त्या माळ्यावर चढणार नाही, हे मला त्या घरात पुरते पंधरा दिवस झाले नव्हते तरी दिसत होतं.

चौकटीतून उत्तरेचं वारं येई म्हणून आम्ही पिंजरा कणगीमागच्या खबदाडात ठेवला. घरात तेवढीच एक जागा बाहेरून दिसत नव्हती. आणि आता मला सांगितलंच पाहिजे की ती जागा माझी होती. साडी तिथंच बदलायची, रडायचंही तिथंच.

एका दुपारी आत्याबाई पाण्याला गेल्या होत्या. माझ्या डोळ्यांपुढे भुकेनं काजवे चमकत होते. मी टोपलीतली भाकर घेतली, वर लसणाची चटणी, आणि कणगीमागे गेले. घराकडे पाठ केली. पण तिथं राघू होता. त्याच्यासमोरसुद्धा मला खाववेना, म्हणून त्याच्याकडेही पाठ केली आणि मोठमोठे घास घ्यायला लागले.

मागून आवाज आला. खरवडल्यासारखा, अगदी बारीक. मी घास थांबवला, आवाज थांबला. मी पुन्हा चावायला लागले, आवाज पुन्हा सुरू झाला. मान जराशीच वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. करवंटीत डाळीचं वाटण मी घाईत एका बाजूला थापून ठेवलं होतं, काठापर्यंत. राघू खालची चोच त्या थापलेल्या वाटणात खुपसत होता, फावड्यासारखी, आणि जिभेनं आत ओढत होता. दाणा धरायला दोन चोची लागतात. हे त्याला एकीनं जमत होतं. खात होता, अर्धं सांडत होता, गळ्यावरची हिरवी पिसं पिवळी झाली होती, पण खात होता! मी हलले नाही. तो माझ्याकडे पाठ करून, मी त्याच्याकडे पाठ करून, आम्ही दोघं अधाशासारखे जेवत होतो.

मी वर पाहिलं तेव्हा आत्याबाई कणगीच्या कडेला उभ्या होत्या. कमरेवर भरलेली घागर, पाणी निथळतंय. माझ्या तोंडात घास कोंबलेला. गिळता येईना आणि टाकता येईना. धरणी दुभंगून पोटात घे असं बायका म्हणतात, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या भाकरीकडे पाहिलं, करवंटीकडे पाहिलं. घागर ठेवली आणि पुन्हा बाहेर गेल्या.

तो दिवस मी कसा काढला! आता मामंजींना कळणार. ह्यांना कळणार. बेलापूरला निरोप जाणार की तुमची पोरगी चोरून खाते. दुष्काळातून उठलेल्या घरात, दारं नसलेल्या गावात, जिथं कुणी कुणाच्या काडीला हात लावत नाही तिथं, नवी सून कणगीमागे भाकर चोरते. कानशिलं तापून लाल झाली होती. संध्याकाळी चुलीपुढे बसले ती मान खाली घालूनच.

मामंजी आले, बाहेरून विचारलं, "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं," आत्याबाई म्हणाल्या.

अंगणातून मामंजींनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

जेवणं व्हायच्या आधी आत्याबाईंनी स्वतःचं एक जुनं लुगडं काढलं आणि कणगीच्या अलीकडे, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत आडवं बांधलं. मामंजींनी विचारलं, "ह्ये काय?"

"राघूला वारं लागतंय."

मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, त्या मला म्हणाल्या, "त्याला चारायचं काम तुझं. माज्या हातनं खाईना त्यो. आन् एकट्याला गोड लागत न्हाई त्याला, तवा तूबी संगं बसून खात जा. पोटभर खात जा. न्हाईतर जगायचा न्हाई त्यो."

दुसऱ्या दिवसापासून टोपलीत रोजच्या भाकरींशिवाय वेगळ्या फडक्यात बांधलेल्या भाकरी असायच्या. "ही राघूची भाकर," त्या चौकटीत येईल त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. गिरजाबाईंनी एकदा त्या भाकरींची चळत पाहिली आणि डोळे मोठे केले. "का वं, राघू हाय का बैल?"

"दुष्काळातनं आलाय," आत्याबाई म्हणाल्या. "भूक मोठी हाय त्याची." चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी लुगड्याआड, हातात त्याच बैलाची भाकर, मेल्याहून मेले.

माझी लाज त्या भाकरीनं गेली, असं म्हटलं तर गोष्ट गोड होईल. गेली नाही. आधी भूक लागते याची लाज होती, आता ती कुणीतरी ओळखली याची. इतकं झाकून ठेवलेलं इतक्या सहज दिसावं, आणि दिसल्यावर त्या बाईनं त्यावर आपलं लुगडं टाकावं! त्या घासांना चटणीची गरज नव्हती, डोळ्यांतलं खारट पुरायचं. पण पोट भरलं हे खरं. राघूचंही भरलं. थोड्याच दिवसांत तो मी पाठ वळवायची वाट न बघता करवंटीपाशी येऊ लागला, आणि माझ्या बाजरीच्या भाकरीचा दुधात कुस्करलेला लगदा त्याला डाळीपेक्षा आवडू लागला.

मग दुसरंच एक उपटलं. वर घासायला काही नसल्यामुळे खालची चोच वाढत सुटली, नखासारखी, आणि वरच्या तुटक्या काठाला टोचायला लागली. ती झिजवायला हवी होती. घरात विळ्याला लावायची बारीक कानस होती. आत्याबाईंनी राघूला फडक्यात गुंडाळून धरलं, मी डोकं धरलं आणि मामंजींना बोलावलं. उडत्या थव्याच्या शेपटाजवळून दगड काढणारा तो हात, त्याला एवढीशी चोच घासता येईना. "दुखतंय का रं?" ते राघूला विचारायचे. "सांग, दुखत आसंल तर ऱ्हाऊ दे." आत्याबाई म्हणायच्या, "आता सांगंल त्यो तुमास्नी. घासा गुमान." अंगणात बसून चाललेलं हे सगळं येणारेजाणारे बघत. दिवसभर राघूंना हाकलणारा माणूस संध्याकाळी राघूची हजामत करतो, म्हणून गावाला विषय मिळाला होता. मामंजी मान वर करत नसत.

गोफण त्यांनी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. माळ्यावर पत्र्याचा डबा घेऊन बसायचे आणि काठीनं बडवायचे. पाखरं दोन दिवस बिचकली, मग सरावली. बांधाकडची कणसं निम्मी गेली. आत्याबाई म्हणायच्या, "डबा वाजवून हाकलताय का जेवाया बलावताय?" पीक आलं त्यावर आम्ही वर्ष काढलं.

चैत्रापर्यंत त्याची वरची चोच थोडी वाढली, वाकडी, एका बाजूला कललेली. तो पिंजऱ्यातून चालत बाहेर यायचा, फळीवर बसायचा, मग घराच्या चौकटीवर. मग दारच्या लिंबावर. पिंजऱ्याला दार नव्हतं, घराला दार नव्हतं, अडवणार कोण. खायला परत यायचा. एक दिवस आला नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, वाकड्या चोचीचा एक राघू नेवाशाच्या बाजूला थव्यात दिसला. मामंजींनी ते ताबडतोब खरं मानलं, आणि आम्हीही मानलं.

राघू गेला तरी लुगडं कुणी काढलं नाही. आणि फडक्यातली वेगळी भाकर तशीच होत राहिली, तिचं नावही तेच राहिलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाले त्या सकाळीही आत्याबाईंनी माझ्या पिशवीत ती बांधून दिली. "वाटंत राघूला लागंल," म्हणाल्या. आत्याबाई गेल्या, मामंजी तर त्यांच्याही आधी, रानातच, उभ्या उभ्या. त्यांना कुणाच्या हातानं खायची वेळ आली नाही. आज माझ्यावर आली आहे तशी.

परवा मी भिंतीकडे तोंड करून सोलाण्याच्या आमटीचे चमचे गिळत होते, तेव्हा कडीबाहेर पावलं थांबली. "आई," अश्विनीचा आवाज आला, "जेवताय ना? जमतंय का?"

दातांवाचून बोलायचीही लाज. मी चमचा वाटीवर वाजवला. हो.

आणि चमचा वाजला तेव्हा मला त्या वेळची एक संध्याकाळ आठवली. राघू नियमानं खायला लागल्यानंतरची, माघातली. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मी लुगड्याआड बसले होते, शेवटचा घास तोंडात. अंगणात मामंजी खाकरले. रोजचा प्रश्न येणार होता आणि उत्तर द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून मी बांगड्या वाजवायच्या तयारीत हात उचलला.

"खाल्लं का दोगांनी?" मामंजींनी विचारलं.

माझा हात तसाच राहिला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक असणार. ज्याला स्वतःला त्या कोपऱ्याकडे बघवत नव्हतं, तो माणूस रोज चौकटीबाहेर उभा राहून नुसत्या पाखराची चौकशी करत नव्हता. मी खाली मान घालून बसले. राघू करवंटी खरवडत होता. पुन्हा विचारलं नाही त्यांनी, घाई केली नाही, आतही आले नाहीत. उभे राहिले. बऱ्याच वेळानं मी बांगड्या वाजवल्या. "बरं," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

कडीबाहेर अश्विनी अजून उभी होती. तिच्या सावलीची रेघ दाराखालून दिसत होती. ती नोकरीवरून येऊन, डहाळे सोलून, वाटून, आमटी करून उभी होती, आणि मला आठवेना की ती स्वतः जेवली होती का. हे आठवेना याची मला जी लाज वाटली, तिच्यापुढे दातांची काहीच नव्हती.

मी उठून कडी काढली. तिनं माझ्या तोंडाकडे न बघता वाटी घ्यायला हात पुढे केला.

"तू जेवलीस?" मी विचारलं. शब्द बोबडेच आले.

"बसते आता."

"ताट घेऊन इकडेच ये. माझ्याकडे पाठ करून बस हवं तर."

ती क्षणभर गोंधळली, पण का म्हणून विचारलं नाही. ताट घेऊन आली, पलंगाच्या कडेला खिडकीकडे तोंड करून बसली आणि भाकरी मोडली. मी तिच्याकडे पाठ केली. दार उघडंच होतं. मागून तिच्या चावण्याचा आवाज यायला लागला, आणि मग मी पोटभर जेवले.